जानेवारीत गुडघाभर बर्फातून तलावाकाठचा ट्रेल: मुंबईत राहून तयारी कशी करावी?

मुलुंड_पूर्व
नमस्कार मंडळी,
जानेवारीत अहो आणि मी लेकीकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला जातोय. लेक-जावयाने आधीच बेत आखून ठेवलाय. एक शनिवार-रविवार वर लेक सुपीरिअर या प्रचंड तलावाच्या काठाला जायचं आणि स्प्लिट रॉक लाइटहाऊस स्टेट पार्कात तलावाच्या कडेकडेने जाणारा ट्रेल करायचा. जावई म्हणतो, "साधारण आठ किलोमीटर, चढ काहीच नाही, आई." त्याने मागच्या वर्षीचे फोटो पाठवलेत. त्यात बाकांच्या फक्त पाठी दिसतायत, बाकी सगळं बर्फाखाली.

माझं वय ५८. सह्याद्रीत बरीच भटकले आहे, गुडघे अजून कुरकुरत नाहीत, बीपीची एक गोळी चालू आहे. थंडीचा अनुभव मात्र महाबळेश्वरच्या पुढे गेलेला नाही. इथून काय घेऊन जायचं आणि काय तिथेच बघायचं? दमट मुंबईत राहून सराव कसला करायचा? आणि मुख्य म्हणजे आठ किलोमीटर झेपतील का? जावयाच्या "काहीच नाही"वर माझा फारसा विश्वास नाही. अहो म्हणतायत की हॉटेलच्या खिडकीतूनही तलाव दिसतोच.

चाळकरी
अहोंना सपशेल अनुमोदन. धागा संपला.

बोरीबंदर
मुंबईकर आणि थंडी? या शहराचा नीचांक ७.४ अंश, सांताक्रूझला, २२ जानेवारी १९६२. तेव्हा आम्ही चाळीत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि अजून ती गोष्ट नातवंडांना सांगतो. तुम्ही थेट उणे पंधरात निघालात!

गंमत सोडा. पण बर्फ आणि तलावच बघायचा तर अमेरिका कशाला? उत्तराखंडात केदारकंठाच्या वाटेवर जुडा का तालाब आहे, लोहाजंगहून ब्रह्मताल आहे. सारी गावावरून देवरिया ताल तर एका दमात होतो, समोर चौखंबा. खर्च निम्म्याहून कमी, शिवाय तंबूत गरम वरण-भात.

मुलुंड_पूर्व
बोरीबंदर काका, लेक तिथे आहे हो. देवरिया तालला कोण आहे माझं?

चाळकरी
हाहा. काका क्लीन बोल्ड.

घाटवाट
ताई, मी हिवाळ्यात उत्तराखंडातले बर्फाचे ट्रेक केलेत, त्यावरून सांगतो. काकांच्या सूचनेत एक गोष्ट राहिली ती म्हणजे उंची. ब्रह्मतालला माणूस दमतो तो निम्मा बर्फाने, निम्मा विरळ हवेने. लेक सुपीरिअरचं पाणी समुद्रसपाटीपासून जेमतेम १८३ मीटरवर आहे, म्हणजे माथेरानच्याही कितीतरी खाली. त्यामुळे उंचीची डोकेदुखी, मळमळ हा विषयच नाही.

उलट बाजूही आहे. हिमालयात गाइड असतो, पुढे चालून वाट पाडणारे असतात, किचन टीम असते. तिथे तुम्ही चौघं आणि एक नकाशा.

सरावाचं म्हणाल तर जिन्याचे मजले मोजू नका, त्याने दम वाढतो पण बर्फाची चाल येत नाही. अक्सा किंवा जुहूला भरतीच्या रेषेच्या वर, जिथे वाळू कोरडी असते तिथे चाला. पाय टाकला की रुततो, उचलताना पोटऱ्या आणि मांडीचा वरचा सांधा भरून येतो. बर्फातही नेमके तेच स्नायू बोलतात. तासभर जमलं की पाठीवर चार-पाच किलोची सॅक घ्या. रविवारी पहाटे नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन-येऊन करा, त्याने सलग चालायचा अंदाज येईल. बूट मात्र इथले ट्रेकिंगचे नकोत. आपले बूट पाणी बाहेर जावं म्हणून जाळीचे असतात.

सई_टोरांटो
ताई, इथून काय घ्यायचं याचं सोपं उत्तर: लोकरी अंगलग कपडे, लोकरी मोजे, बस. जॅकेट आणि बूट तिथे घ्या किंवा लेकीच्या मैत्रिणींकडून मागा. मुंबईत "उणे दहाला चालेल" म्हणून विकलेलं जॅकेट माझ्या सासूबाईंनी आणलं होतं. ते घालून त्या इथे कचरा टाकायला खाली जाऊन आल्या आणि परत येऊन तडक हीटरला चिकटल्या.

जीन्स अजिबात नको. सुती बनियनसुद्धा नको.

उत्तरध्रुव
मी मूळचा गिरगावचा, आता बरीच वर्षं मिनेसोटात. हा ट्रेल आमचा हिवाळ्यातला नेहमीचा, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा थंडीला घाबरून येतो आणि घामाने हरतो. पार्किंगमध्ये गाडीतून उतरलं की उणे बारा असतं, म्हणून माणूस सगळं अंगावर चढवतो. बर्फातून चालायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं, पाठीला धार लागते. तोवर ठीक. मग फोटोला किंवा चहाला थांबलात की तोच घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते. ती मग कशानेच जात नाही. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पहिल्या वळणावर थांबून एक थर काढायचा. थांबलात की आधी जॅकेट अंगावर, मग थर्मास. माझी आई, जी कांदिवलीत पंख्याशिवाय झोपत नाही, ती हे एका फेरीत शिकली.

आता बर्फ. तुमच्या ट्रेलवर लोकांनी चालून-चालून घट्ट केलेला भाग असेल तर बुटांना मायक्रोस्पाइक (छोट्या टोकदार दातांच्या साखळ्या) अडकवा, सोपं काम. ताजा पडलेला असेल तर स्नोशू (बुटाखाली बांधायचे रुंद, पसरट तळ) हवेतच. नुसत्या बुटांनी पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो, तो ओढून काढायचा, पुन्हा पुढचा. शंभर पावलांत मांड्या संपतात. वर त्या खड्ड्यांमुळे मागून येणाऱ्यांची वाट खराब होते, ती वेगळीच. काही स्टेट पार्कांत स्नोशू भाड्याने मिळतात, जावयाला आधी फोन करून विचारायला सांगा. स्कीसाठी यंत्राने सारवून ठेवलेल्या वाटा असतात, त्यांवर पायी चालायचं नाही. लोक चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

स्नोशूने चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून ठेवा. मागे पाऊल टाकू नका, मागची शेपटी रुतते आणि माणूस बसतो. वळायचं तर छोटं वर्तुळ घेऊन वळा.

एक झाडांचं लक्षात ठेवा. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या बर्फाने खाली वाकलेल्या असतात, त्यांच्या बुंध्याशी आत पोकळी राहते. वरून दिसत नाही. फोटोसाठी झाडाला टेकायला गेलात की कमरेपर्यंत आत. आणि काठीने फांदी हलवायची हौस जावयाला असेल तर त्याच्यापासून दहा हात लांब उभ्या राहा. तो सगळा बर्फ थेट कॉलरमधून पाठीवर उतरतो.

चाळकरी
जावयाचे एवढे तपशील कुठून मिळाले हो तुम्हाला? ओळखता का?

उत्तरध्रुव
इथे प्रत्येक जावई तेच करतो.

प्रश्नचिन्ह
मूलभूत शंका. एवढी थंडी असूनही हा तलाव पूर्ण गोठत का नाही? आणि गोठलाच तर त्यावरून चालत गेलं तर ट्रेल आणखी सपाट नाही का होणार?

सई_टोरांटो
आमच्याकडे छोट्या तळ्यांवर लोक स्केटिंग करतात, मुलं हॉकी खेळतात. त्यामुळे घाबरायचं एवढं कारण नाही.

उत्तरध्रुव
सईताई, इथे मात्र असहमत, आणि ठामपणे. शहरातलं तळं आणि सुपीरिअर यांची तुलनाच नको.

प्रश्नचिन्ह, तुमची शंका चांगली आहे. पाणी ४ अंशाला सर्वात जड असतं. वरचं पाणी गार होत ४ अंशावर आलं की खाली जातं, खालचं तुलनेने उबदार वर येतं. हे सगळं पाणी तिथवर उतरल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. लहान तळ्यात हे लवकर आटपतं. सुपीरिअर सर्वात खोल जागी ४०६ मीटर आहे आणि वर सतत वारा आणि लाटा. त्यामुळे पूर्ण गोठणं हे क्वचित घडतं. २०१४ च्या हिवाळ्यात एवढं गोठलं होतं की पलीकडे विस्कॉन्सिनच्या बाजूला लोक बर्फावरून चालत जाऊन कड्यांतल्या गुहा बघून आले. तेसुद्धा रेंजर्सनी बर्फ तपासून वाट खुली केल्यावर.

लहान तळ्यांसाठी मिनेसोटाचं सरकारी खातं चालायला किमान ४ इंच पारदर्शक, घट्ट बर्फ सांगतं. दुधाळ पांढरा असेल तर जाडी दुप्पट हवी. वर पडलेल्या भुसभुशीत बर्फाची गादी असेल तर ती गोधडीसारखी काम करते, खालचा थर जाड होऊच देत नाही, म्हणजे दिसायला भरभक्कम आणि आत पातळ. जिथे ओढा तळ्याला मिळतो किंवा तळ्यातून पाणी बाहेर पडतं, तिथे तर जाऊच नका. सुपीरिअरवर आणखी एक भानगड आहे. वारा फिरला की काठाचा अख्खा बर्फ सुटून आत वाहत जातो. त्यावर मासे धरायला बसलेली माणसं अडकल्याच्या बातम्या इथे अधूनमधून येतात.

सई_टोरांटो
मान्य. मी तळ्यांबद्दल बोलत होते.

घाटवाट
कुणी आत पडलंच तर काय करायचं, तेही लिहून ठेवतो. पहिलं मिनिट फक्त श्वास सावरायचा, कारण गार पाण्याच्या धक्क्याने माणूस आपोआप धापा टाकतो आणि नाकातोंडात पाणी जातं. हातपाय कामाचे राहतात ते जेमतेम दहा मिनिटं, त्यात ज्या बाजूने आलात त्याच बाजूच्या बर्फावर कोपरं टेकून, पाय पोहल्यासारखे झाडून पोटावर बाहेर यायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो, म्हणजे घाबरण्याइतका वेळ नसला तरी विचार करण्याइतका असतो.

मुलुंड_पूर्व
बाप रे. अहोंना हा प्रतिसाद दाखवणार नाही.

नाडीपरीक्षा
डॉक्टर म्हणून दोन शब्द. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. बर्फाच्या देशांत फावड्याने अंगण साफ करताना लोकांना हार्ट अटॅक येतात ते याचमुळे. ताई, जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी स्वतःच्या मनाने वाढवू-घटवू नका आणि चढ नसला तरी सावकाश सुरुवात करा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. कोरड्या हवेत श्वासावाटे बरंच पाणी जातं.

एकमेकांच्या चेहऱ्याकडे दर अर्ध्या तासाने बघा. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, गाल. मेणासारखा पांढरट डाग दिसला आणि तिथे स्पर्श कळेनासा झाला तर उबदार तळवा नुसता ठेवून द्यायचा. चोळायचं नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे चांगले, बोटं एकमेकांना ऊब देतात.

बोरीबंदर
डॉक्टर, आणि चमचाभर रम?

नाडीपरीक्षा
घरी परत आल्यावर. वाटेत नाही. रमने ऊब वाटते कारण रक्त त्वचेकडे येतं, म्हणजे आतली उष्णता बाहेर फेकली जाते.

बोरीबंदर
"घरी परत आल्यावर" एवढंच ऐकू आलं.

खवय्या_दादर
इतका मोठा धागा आणि खाण्याबद्दल कुणी एक अक्षर नाही! जानेवारी म्हणजे संक्रांत. तिळाच्या वड्या नेऊ नका, म्हणजे तलावाकाठी खायला. उण्या तापमानात ती वडी खाणं म्हणजे दाताच्या डॉक्टरांची सोय. चॉकलेटच्या बारचंही तेच, माझ्या भाच्याची कॅप निघाली होती. तूप लावलेली मऊ दशमी आणि गूळ-शेंगदाण्याचं कूट बरं पडतं, छोटे तुकडे करून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचे, अंगाच्या उबेने मऊ राहतात. हातमोजा न काढता तोंडात टाकता आलं पाहिजे, ही खरी कसोटी. थर्मासमध्ये आल्याचा चहा, साखर नेहमीपेक्षा दुप्पट.

उत्तरध्रुव
खवय्या, क्या बात. त्यात भर: पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, उलटी ठेवली की झाकणाकडची बाजू मोकळी राहते. सॅकमधून निघणारी नळीवाली पिशवी मात्र नकोच, नळी आधी गोठते. फोन आतल्या खिशात, नाहीतर चाळीस टक्के बॅटरी दाखवत असताना तो गपकन मान टाकतो.

मुलुंड_पूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. अक्सा बीचचा प्रयोग सुरू केलाय. पहिल्या दिवशी पोटऱ्यांनी हाय खाल्ली. दोन पोरांनी विचारलं, "काकू, काही हरवलंय का?"

पण मूळ प्रश्नाकडे येते. आठ किलोमीटर, हो की नाही?

घाटवाट
सह्याद्री भटकलेल्या बाईला आठ सपाट किलोमीटर? बिनधास्त करा. अख्खा लूप (गोल फेरी) मारा. अर्ध्यातून परत फिरण्यात काय मजा?

उत्तरध्रुव
घाटवाट, तुमच्या अनुभवाचा आदर आहे पण इथे थांबा. ताज्या बर्फात स्नोशू घालूनसुद्धा आमचा ग्रुप तासाला दीड-दोन किलोमीटरच्या वर जात नाही. आठ किलोमीटरला चार ते साडेपाच तास धरा, थांबे वेगळे. जानेवारीच्या मध्यावर तिथे सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो. मिनियापोलिसहून निघून पार्कात पोचेपर्यंत जवळपास दुपार होते. सगळा हिशेब तिथेच चुकतो.

दुसरं म्हणजे लूपमध्ये पुढची वाट कशी आहे ते कळत नाही. झाडांवरच्या खुणा बर्फ चिकटून झाकल्या जातात. आल्या वाटेने परत फिरलात तर आपलीच पाडलेली वाट मिळते आणि परतीला बराच कमी वेळ लागतो. वारा असेल तर ती वाट बुजतेही, तेवढं लक्षात ठेवा. पुढे कोण चालणार ते दर पंधरा-वीस मिनिटांनी बदला. निघायच्या आधीच परतीचं घड्याळ ठरवा आणि त्या वेळी जिथे असाल तिथून वळा. समोर दीपगृह दिसत असलं तरी.

घाटवाट
सपाट ट्रेल म्हणून मी जरा जोरात बोललो, पण दिवस एवढा लहान असेल तर तुमचंच खरं. आमच्याकडेही दुपारी एक-दोननंतर पुढे जाऊ देत नाहीत.

सई_टोरांटो
मी म्हणते तीन-चार किलोमीटर पुरेत. लिटिल टू हार्बर्सच्या गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत जा, तिथून कड्यावरचं दीपगृह समोर दिसतं. तो फोटो मिळाला की बाकीचं काय राहतं?

जुनी_नकाशी
दीपगृहाचा उल्लेख आला म्हणून राहवलं नाही. १९०५ च्या नोव्हेंबरात या तलावावर जबरदस्त वादळ झालं, बरीच जहाजं गेली, त्यानंतर ते १९१० साली सुरू झालं. १९६९ मध्ये बंद केलं. आता वर्षातून एकदा, १० नोव्हेंबरला दिवा पेटवतात. १९७५ मध्ये त्याच तारखेला एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं मालवाहू जहाज बुडालं, २९ माणसं गेली, त्यांच्या आठवणीत. तलाव म्हणतो खरं आपण, पण लाटा समुद्राच्या आहेत.

उत्तरध्रुव
अगदी. आणि त्याच लाटांचं पाणी उडून काठच्या खडकांवर, झुडपांवर गोठतं. प्रत्येक काडीवर बोटभर जाड काच चढलेली असते. तिथे खडकावर पाय ठेवायचा नाही, स्पाइक असले तरी. जरा लांब उभं राहून कान द्या. काचेच्या तावदानांसारखे पातळ तुकडे लाटेबरोबर काठाला येऊन एकमेकांवर सरकत राहतात आणि किणकिण आवाज चालू असतो. मी वर्षानुवर्षं ऐकतोय, कंटाळा येत नाही.

नशीब असेल तर ओढ्याकाठी पाणमांजराची घसरगुंडी दिसेल. चार पावलं उड्या, मग पोटावर लांब सरळ चर, पुन्हा चार उड्या.

मुलुंड_पूर्व
ठरलं. गोट्यांचा किनारा, आल्या वाटेने परत, दुपारी अडीचला वळायचं. जावयाला कळवलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हीच आठला हट्ट धराल." लेकीने तिच्या मैत्रिणीचे बूट मागून ठेवलेत, मला एक नंबर मोठे आहेत.

सई_टोरांटो
एक नंबर मोठे चांगलेच. जाड मोज्यांत बोटं हलवता आली पाहिजेत. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात तर रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

मुलुंड_पूर्व
वा, हे बरं झालं. आता एकच अडचण. अहो ट्रेलला येणार नाहीत म्हणजे नाहीत. एवढा वेळ गाडीत बसवू का त्यांना?

उत्तरध्रुव
गाडीत नको. आधी वाटेत गूसबेरी फॉल्स स्टेट पार्क लागतं, तिथलं व्हिजिटर सेंटर हिवाळ्यातही उघडं असतं, आत ऊब आहे, स्वच्छतागृह आहे, बसायला जागा आहे. त्यांना तिथे सोडा, दहाएक मिनिटांवर स्प्लिट रॉक. गाडीचा पार्क परमिट एकाच दिवसाचा काढलात तरी मिनेसोटाच्या दोन्ही स्टेट पार्कांना चालतो. फक्त सेंटर बंद व्हायची वेळ विचारून घ्या.

चाळकरी
पत्ता द्या हो त्या व्हिजिटर सेंटरचा. अहोंना कंपनी द्यायला मी येतो.